आठ भागांसाठी उसना चेहरा

मेलेल्या मुलाचं काम करायला पोरगा मिळाला होता. उंच, गोरा, बँकॉकहून आलेला. काम सोपं होतं. मालिका सुरू व्हायच्या आधीच त्याचा खून झालेला असतो, त्यामुळे बोलायचं काही नव्हतं. शवपेटीपुढे त्याचा फोटो ठेवायचा, एवढंच.

शूटिंगच्या पहिल्याच सकाळी त्याची आई आली. तिनं शवपेटीपुढचा फोटो उचलला, फ्रेमसकट काखेत मारला आणि जुमसमोर उभी राहिली.

"जिवंत पोराच्या फोटोपुढे उदबत्ती लावता? तुमच्या घरात पोरंबाळं नाहीत वाटतं?"

जुम म्हणजे सगळी व्यवस्था बघणारी बाई. तिनं हात जोडले, समजावलं. या धंद्यात यावर तोडगा असतो. नटानं फोटोत हसायचं, एक डोळा मिटायचा. मग मरणाला कळतं की ही थट्टा आहे आणि ते पुढच्या घरी जातं. वर चार भिक्खूंना जेवण घालायचं. पण दिग्दर्शक ओड यांना हसरा फोटो नको होता. आठ भागांची रहस्यमालिका होती. नाव होतं 'आई अजून जागी आहे'. पोरगा डोळा मारताना दिसला तर आई कशाला जागी राहील?

गंभीर चेहऱ्याला कोणाचीच आई तयार होईना. दिवेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, माझं लग्न ठरलंय. ड्रायव्हर म्हणाला, माझं मोडलंय, तरी नको.

हे सगळं मेक्लोंगच्या कालव्याकाठी चाललं होतं, लमाईच्या दारासमोर. लमाई दारात बांगडे उकडत होती. जुम पाणी मागायला आत गेली आणि भिंतीवरचा फोटो बघून जागीच थबकली. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. गंभीर. कोट आणि टाय.

"हा कोण, मावशी?"

"माझा चेत."

"काय करतो?"

"दोन वर्षं झाली जाऊन."

जुमच्या चेहऱ्यावर आधी दुःख आलं. मग, लगोलग, सुटका. जो गेलाच आहे त्याचं फोटोनं काय वाईट होणार?

लमाई अठ्ठावन्न वर्षांची होती. गल्ली तिला पा म्हणायची, म्हणजे मोठी मावशी. चाळीस वर्षं ती बांगड्यांच्या माना मोडत होती. गोल टोपलीत बांगडा बसवायचा तर मान मोडावीच लागते. अंगठा कल्ल्याखाली, एक झटका, की मासा रुसल्यासारखा मान खाली घालून बसतो. मग टोपल्या खाऱ्या पाण्यात उकळायच्या. गिऱ्हाईक त्या रुसव्यावरूनच मेक्लोंगचा माल ओळखतं. शेजारची येन म्हणायची, लमाईचं तोंडही तसंच आहे, टोपलीत बसवलेलं.

नवरा रयोंगला कामाला गेला आणि तिथल्याच एका बाईकडे राहिला. चेत तेव्हा चार वर्षांचा होता. लमाईनं नवऱ्याला फोन केला तो एकदाच, वीस वर्षांनी, चेत गेल्यावर. तो म्हणाला, रस्ता फार लांब आहे.

चेत झोपेत गेला. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, हृदय थांबलं. लमाई म्हणाली, ते मलाही दिसतंय, पण का? डॉक्टर म्हणाला, होतं असं कधी कधी, तरणी माणसं झोपेत जातात. लमाईनं कारण शोधलं. बर्फाच्या कारखान्यातला गारठा धरून पाहिला, कारण चेत तिथे कामाला होता. पण तिथली बाकीची सतरा माणसं ठणठणीत होती. तांदूळ धरून पाहिला. ती स्वतः तोच भात जेवली होती. येन म्हणाली, विधवेचं भूत तरण्या पुरुषांना नेतं, दारावर लाल शर्ट टांगला की फसतं. मग सगळ्या गल्लीनं दारांवर लाल शर्ट टांगले. चेत जाऊन तीन दिवस झाले होते, पण टांगले.

दोष द्यायला कोणी सापडलं नाही. क्रियाकर्माच्या तिन्ही दिवशी लमाई रडली नाही. आलेल्यांना वाढत राहिली. लोकांनी दोन्ही लक्षात ठेवलं. ती रडली नाही, आणि रस्सा चांगला झाला होता.

जुम मोगऱ्याचा हार घेऊन परत आली. लमाईसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली.

"पा, चेतचा फोटो आठ भागांसाठी द्या. उसना."

"पोरी, या मालिकेत तो करतो काय?"

"काहीच नाही, पा. त्याचा खून होतो."

"ते कळलं. पण पोरगा कसा आहे? चांगला आहे ना?"

"सोन्यासारखा. बँकेत असतो. आईला पगार आणून देतो."

लमाई फोटोकडे बघत राहिली. तो मूळचा कारखान्याच्या ओळखपत्रातला. कोट आणि टाय नंतर स्टुडिओवाल्यानं कंप्युटरवर चढवले होते. चेतनं जन्मात टाय लावला नव्हता.

"एकच अट," ती म्हणाली. "त्याच्या नावाला डाग नको. त्याचं एवढंच राहिलंय माझ्याकडे."

"डाग? पा, त्याच्यासाठी अख्खा देश रडेल!"

आणि मग जुमनं रीतीप्रमाणे केलं. मेलेल्याचं काही घ्यायचं तर त्याला विचारायला हवं. तिनं एक उदबत्ती पेटवली, फोटोसमोर हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ चेत, तुमचा चेहरा आम्हाला द्या. आम्ही तुम्हाला चांगलंच दाखवू. शब्द देते." दिवेवाल्यानं, ड्रायव्हरनं, कॅमेरेवाल्यानं मागून हात जोडले. ओड साहेबांनीही जोडले. ते अंधश्रद्ध नव्हते. गळ्यात सात ताईत होते, पण ते आईनं घातलेले.

लमाईलाही क्रियाकर्माच्या दृश्यात बसवलं. काळे कपडे तिचे तिच्याकडेच होते. कॅमेरा फिरला आणि ओड साहेब ओरडले, "थांबा! पा, जरा दुःखी व्हा."

"आहे की."

"दिसत नाही ना पण. तुम्ही बाजारात बसल्यासारख्या दिसता."

"मी बाजारातच बसते."

तिला खांबाच्या मागे बसवलं.

आईचं काम विपादा करत होती. मोठी नटी. ती डोळ्यांखाली पेपरमिंटची कांडी लावून रडायची आणि खरोखर छान रडायची. दुपारी ती लमाईजवळ येऊन बसली. मनानं चांगली बाई होती.

"पा, रागावू नका. कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मला कामासाठी हवंय."

लमाईनं खरंच आठवून पाहिलं.

"भूक लागली."

"भूक?"

"दुपारनंतर काही खाल्लं नव्हतं. त्याला नेलं, आणि मी दोन थाळ्या भात खाल्ला. जवळ्याच्या चटणीशी."

विपादानं कांडीचं टोपण लावलं. मग म्हणाली, "हे नाही चालणार, पा. लोक टीव्ही फोडतील."

मालिका सुरू झाली. बुधवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता. गल्ली लमाईच्या ओट्यावर जमायची, कारण तो चेतचा कार्यक्रम होता. पहिल्या भागात चेतचा चेहरा पडदाभर आला. येन किंचाळली. "अगं बाई, आपला चेत! टाय तर बघ!"

लमाईनं बघितलं. पडद्यावर तो घरच्यापेक्षा मोठा होता.

दुसऱ्या भागात एक शेठ आला. बोटींचा मालक, हातात जाड अंगठ्या. त्यानं बँकेत काळे पैसे ठेवले होते आणि चेतला ते कळलं होतं. शेठ हसला. त्या हसण्यावरून गल्लीला कळलं. लमाईलाही कळलं.

"हाच," ती म्हणाली.

"थांब गं, अजून सहा भाग आहेत," येन म्हणाली.

"हाच तो. याचे डोळे बघ."

त्या रात्री लमाईला दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. सकाळी उठली ती ताजी होती. पहिला बांगडा हातात घेतला. "शेठ," म्हणाली, आणि मान मोडली. दुसरा घेतला. "शेठ." दुपारपर्यंत तीनशे शेठ झाले. येन भिंतीपलीकडून ऐकत होती. तिनं गल्लीत सांगितलं, लमाईला बरं वाटायला लागलंय.

आणि खरंच वाटत होतं. दोन वर्षं ती एका बर्फाच्या कारखान्याशी, एका तांदळाच्या पोत्याशी आणि डॉक्टरच्या एका वाक्याशी भांडत होती. आता समोर माणूस होता. त्याला अंगठ्या होत्या. त्याला शिव्या देता येत होत्या. परगावची माणसं घर शोधत येऊ लागली. दारात फुलं ठेवायची, म्हणायची, "पा, खचू नका. शेठ सुटणार नाही." लमाई हात जोडायची. "नाही सुटणार," म्हणायची. चेत झोपेत गेला हे त्या दिवसांत तिनं कोणालाच सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

सहा भाग झाले. शेवटचे दोन अजून शूट व्हायचे होते. मालिका चालू असतानाच पुढचं लिहायची त्यांची पद्धत होती. लोकांची नाडी बघून लिहायचं. आणि नाडी सांगत होती की अख्ख्या देशाला शेठ कळलाय. रहस्यमालिकेत हे बरं नव्हे.

सोमवारी जुम आली. या वेळी हारही होता आणि डाळिंबाची टोपलीही. डाळिंबं बघून लमाईला शंका आली.

"पा, चेतचा दुसरा फोटो आहे का? हसरा?"

"आहे. कशाला?"

"असाच. एका मुलीच्या खोलीत सापडतो."

"कुठली मुलगी?"

"असते एक."

"ती काय म्हणते?"

"ती... काही म्हणत नाही, पा. तिचाही खून झालेला असतो."

लमाईनं हातातला बांगडा खाली ठेवला.

"कोणी केला?"

जुम डाळिंबांकडे बघत राहिली.

"पा, ही नुसती कथा आहे हो. बघणाऱ्यांना धक्का हवा असतो. आई खुन्याला शोधत जाते, शोधत जाते, आणि शेवटी तिला कळतं की आपला मुलगाच... विपादा बाईंना यासाठी बक्षीस मिळेल, बघा तुम्ही."

"तू त्याला शब्द दिलास."

"तेव्हा लिहिलं नव्हतं ना, पा!"

"फोटो परत दे."

"कसा देऊ? सहा भाग तोच चेहरा दाखवलाय. आता अचानक दुसरा पोरगा कुठून आणू?"

जुम गेली. डाळिंबं राहिली. लमाईनं येनला सांगितलं. येन आधी चिडली, मग हळूच म्हणाली, "ती मुलगी कुठली गं? कारखान्यातली नव्हे ना?"

लमाईनं तिच्याकडे बघितलं. वीस वर्षं चेत येनच्या मांडीवर, येनच्या ताटात वाढला होता. तिलाच असं वाटलं, तर बाकीच्यांचं काय? गुरुवारपर्यंत फुलं आणणारी माणसं काय आणतील?

मंगळवारी सकाळी तिनं चूल पेटवली नाही. काळा सारोंग कमरेला गुंडाळला, सदरा घातला, आणि कालव्यापलीकडच्या जुन्या तांदळाच्या गोदामात गेली. तिथे शूटिंग चाललं होतं. चेतचा फोटो टेबलावर होता, पुढे प्लास्टिकची फुलं. शेठचं काम करणारा नट कोपऱ्यात नूडल खात होता. लमाईनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"पा, आत्ता नको," ओड साहेब म्हणाले. "आपण नंतर बोलू."

"तुमच्याशी बोलायला नाही आले. त्याच्याशी आलेय. तुम्ही त्याला विचारून नेलंत. आता बदललंय, तर त्याला सांगायला हवं. सांगितलं का कोणी?"



तिनं एक उदबत्ती पेटवली. फोटोसमोर मांडी घालून बसली. धमकी नाही, आरडाओरडा नाही. घरी जेवायच्या वेळी बोलायची तशी बोलली.

"चेत, मी आई. या लोकांनी तुला चांगलं दाखवतो म्हणून शब्द दिला होता. तो आता पाळता येत नाही म्हणतात. तू एका मुलीला मारलंस असं दाखवणार आहेत. मी नको म्हटलं. फोटो परत मागितला, तो दिला नाही. आता तुझं तू बघ. ती जुम, तिनं उदबत्ती लावली होती. मागे हात जोडून उभा होता तो दिवेवाला, त्याचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. तो ड्रायव्हर. तो कॅमेरेवाला. आणि ते ओड साहेब, ताईतवाले."

दिवेवाला शिडीवरून खाली उतरला. दिवा चालूच होता, पण तो उतरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. ड्रायव्हर बाहेर गेला. कॅमेरेवाल्यानं कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण घातलं.

"ओड साहेब," तो म्हणाला, "मी नाही करत हे."

"अरे, ती बाई नुसती बोलतेय! मी असलं काही मानत नाही," ओड साहेब म्हणाले. त्यांचा हात शर्टाच्या आत ताईत चाचपत होता. सहा सापडले. सातवा सापडेपर्यंत ते बोलले नाहीत.

मग त्यांनी लेखिकेला बोलावलं. चष्म्यातली मुलगी, मांडीवर लॅपटॉप. तीन दिवस झोपली नसावी.

"पा," ती म्हणाली, "मुलगा चांगला, ठरलं. पण मग मारलं कोणी? मला दुपारपर्यंत नाव हवं. तुम्हीच सांगा."

गोदाम लमाईकडे बघायला लागलं. तिला एकच नाव माहीत होतं.

"शेठनं."

कोपऱ्यातल्या नटाची चॉपस्टिक थांबली.

"ते सगळ्यांना माहीत आहे हो, पा!"

"खरं आहे म्हणून माहीत आहे!"

हे बोलून झालं आणि लमाई स्वतःच दचकली. शेठचं काम करणारा नट उठून उभा राहिला होता. म्हातारा होता. नूडलचा वाडगा खाली ठेवून त्यानं आधी चेतच्या फोटोला हात जोडले, मग तिला. अंगठ्या पितळेच्या होत्या. एकीचा रंग उडाला होता.

लेखिकेनं चष्मा काढला. "पा, तुमच्या घरी खरं काय झालं होतं?"

हे दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनं वेळ विचारली होती, भिक्खूंनी जन्मवार.

"पहाटपाळी करून आला," लमाई म्हणाली. "तळलेला बांगडा होता. डोकं त्यानं मला दिलं, त्याला आवडायचं नाही. पंखा आवाज करतो म्हणाला, उद्या तेल घालतो. झोपला. मी दुसरा घाणा उकळत होते. चार वाजता हाक मारली. मग परत मारली. मला वाटलं, लाडात आलाय." तिनं उदबत्तीची राख पुसली. "एवढंच."

"म्हणजे कोणीच नाही?" लेखिकेनं विचारलं.

लमाईनं वर बघितलं. शेठ तिच्यासमोर उभा होता, पितळेच्या अंगठ्या घालून, डोळे पुसत.

"कोणीच नाही."

लेखिकेनं टाईप केलं नाही. ओड साहेबांनी उसासा टाकला.

"पा, वाईट वाटून घेऊ नका. पण आठ भाग बघायचे आणि शेवटी कोणीच नाही? लोक घर जाळतील माझं." त्यांनी हात उडवले. "घ्या, शेठ तर शेठ."

शेवटच्या भागात शेठला बेड्या पडल्या. विपादा मुलाच्या फोटोला मिठी मारून असं रडली की ओट्यावर कोणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. येन लमाईच्या गळ्यात पडली. "सुटला गं पोरगा! न्याय मिळाला!" गल्लीनं टाळ्या वाजवल्या. कोणीतरी नारळाच्या दुधातली खीर करून आणली होती. लमाईनं सगळ्यांना वाढली. स्वतःही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिला बांगडा हातात घेतला. "शेठ" म्हणायला गेली. डोळ्यांपुढे तो म्हातारा आला, वाडगा खाली ठेवणारा. तिनं काही न म्हणता मान मोडली.

दहाच्या सुमाराला एक बाई आली. नाखोन पथोमहून, खास गाडी करून. हातात कमळाच्या कळ्या.

"हेच ना ते घर? शेठनं मारलं त्या मुलाचं?"

"मुलगा माझाच," लमाई म्हणाली. "पण त्याला कोणी मारलं नाही. दुपारी जेवून झोपला, तो उठला नाही."

बाईनं तिच्याकडे फार मायेनं बघितलं.

"असं मनाला नका समजावू, पा. तुम्ही शेवटचा भाग बघितला नाही वाटतं?"

आणि ती स्टुलावर बसली आणि तिनं लमाईला सगळं सांगितलं. शेठनं चेतला बंदरावर कसं बोलावलं, दोरी कुठे लपवली होती, पोरगा शेवटच्या क्षणी आईला कशी हाक मारत होता. सांगता सांगता तिला हुंदका फुटला. कमळाच्या कळ्या मांडीवरून घरंगळल्या.

लमाईनं हात धुतले. तिला पाण्याचा पेला दिला.

"रडू नका," ती म्हणाली. "त्याला काही कळलं नाही. झोपेत होता तो."